वाचकांचे प्रश्न : जॉर्जेट हेयर यांच्या प्रेमकथा

गेल्या अंकात या सदरात मी इंग्रज कादंबरीकार जॉर्जेट हेयर (१९०२-१९७४) यांच्याविषयी अर्धे पान लिहिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या, इंग्लंडात ज्याला ‘रीजन्सी’ म्हणतात त्या काळातल्या प्रेमकथा लिहिणाऱ्या या लेखिकेचे नाव आता आपल्याकडे कोणाला आठवत नसेल, असा माझा समज होता. आलेल्या पत्रांनी तो खोटा ठरवला. बहुतेक पत्रलेखकांनी ही पुस्तके तीस-चाळीस वर्षांपूर्वी भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून आणून वाचली होती आणि ती अजून त्यांच्या मनात ताजी आहेत. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे; जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

‘आपल्या सदरात गंभीर साहित्याची चर्चा होते म्हणून मी ते वाचतो. सरदारांची मुले आणि त्यांची लग्ने यांवर जन्मभर पुस्तके लिहिणाऱ्या लेखिकेला आपण जागा का दिलीत? हे निव्वळ पलायनवादी लेखन नव्हे काय?’ — एक निवृत्त प्राध्यापक, सातारा

आपला प्रश्न मराठीला नवा नाही. फडके आणि खांडेकर यांच्या निमित्ताने ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा वाद आपण वर्षानुवर्षे घातला, आणि त्या वादात प्रेमकथेच्या वाट्याला बहुधा आरोपीचा पिंजराच आला. हेयर यांना स्वतःलाही हा आरोप ठाऊक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका पत्रात त्यांनी लिहिले होते, की असला वेडगळपणा लिहिल्याबद्दल खरे तर मला गोळीच घालायला हवी. पण हवाई हल्ल्यात तळघरात बसून राहायची वेळ आली असती किंवा तापातून उठत असते, तर असेच पुस्तक मला वाचायला आवडले असते, असेही त्यांनी पुढे लिहिले. यातले पहिले वाक्य त्यांनी संकोचापोटी लिहिले असावे आणि दुसऱ्यावर त्यांचा मनापासून विश्वास असावा, असे मला वाटते.

विरंगुळा देणारे पुस्तक चांगले लिहिलेले असू शकते, एवढेच माझे म्हणणे आहे. पुढे १९९० साली बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या ए. एस. बायट यांनी १९६९ मध्ये, म्हणजे हेयर हयात असताना, त्यांच्यावर लेख लिहिला आणि तुम्हाला वाटते त्याहून या बाई चांगल्या कादंबरीकार आहेत, असे त्याच्या मथळ्यातच सांगून टाकले. हेयर यांचे संवाद मोठ्याने वाचून पाहावेत. चार माणसे एका खोलीत बोलत आहेत, कोण बोलतो हे लेखिकेने सांगितलेले नाही, तरीही प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू येतो. हे कसब ज्यांना गंभीर म्हणून मान्यता मिळाली आहे अशा कितीतरी लेखकांना साधलेले नाही. आपण एखादे पुस्तक पूर्ण वाचून नापसंती कळवलीत, तर ती याच सदरात आनंदाने छापू.

‘हेयर यांनी लेखन हौसेखातर केले की पोटासाठी? त्या काळात एखादी स्त्री केवळ कादंबऱ्यांवर घर चालवू शकत होती का?’ — बँकेतील एक अधिकारी, नागपूर

आरंभ घरातल्या एका आजारपणातून झाला. त्यांचा धाकटा भाऊ बोरिस याला रक्त न गोठण्याचा विकार होता आणि त्याला बरेच दिवस अंथरुणात पडून राहावे लागे. त्याचे मन रमावे म्हणून सतरा वर्षांच्या जॉर्जेटने दरोडेखोर झालेल्या एका सरदारपुत्राची गोष्ट रचून सांगितली. वडिलांना ती आवडली, त्यांनी ती छापण्याचा आग्रह धरला, आणि १९२१ मध्ये ‘द ब्लॅक मॉथ’ या नावाने ती प्रसिद्ध झाली तेव्हा लेखिका १९ वर्षांची होती. इथपर्यंत ती हौस होती.

१९२५ मध्ये त्यांचे लग्न ठरले आणि त्यानंतर महिन्याभरातच वडील हृदयविकाराने गेले. मागे निवृत्तिवेतन नव्हते. १९ आणि १४ वर्षांच्या दोन भावांचा भार थोरल्या बहिणीवर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी रोनाल्ड रुजिए या खाण-अभियंत्याशी विवाह केला. पुढच्या वर्षी ‘दीज ओल्ड शेड्स’ बाजारात आले ते नेमके ब्रिटनमधल्या सार्वत्रिक संपाच्या सुमारास. वर्तमानपत्रांत परीक्षण नाही, जाहिरात नाही, बातमीही नाही; तरीही पुस्तकाच्या १,९०,००० प्रती खपल्या. या अनुभवातून बाईंनी जो धडा घेतला तो आयुष्यभर सोडला नाही. जाहिरातीवाचून पुस्तक खपते, तर मग मुलाखती कशाला द्यायच्या आणि छायाचित्रे कशाला काढून घ्यायची, असे त्यांचे म्हणणे असे. त्यांच्या लाखो वाचकांना त्यांचे लग्नानंतरचे नाव कळले ते त्यांच्या मृत्युलेखांतून.

पतीच्या नोकरीपायी त्या पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिकात गेल्या. तेथे जंगलात हत्तीगवताने शाकारलेल्या झोपडीत राहून, हाताशी एकही संदर्भग्रंथ नसताना, त्यांनी १७४५च्या सुमारच्या इंग्लंडवर ‘द मास्करेडर्स’ ही कादंबरी लिहिली. पुढे जाणकारांनी तिच्यात कालविसंगती शोधली, तेव्हा त्यांना एकच सापडली : लंडनमधला एक क्लब त्यांनी वर्षभर आधी उघडला होता. त्यानंतर मॅसिडोनियात एका दंतवैद्याने भूल चुकीच्या पद्धतीने दिल्यामुळे त्या मरता मरता वाचल्या. १९२९ मध्ये पतीने नोकरी सोडली आणि दोघे इंग्लंडला परतले. तेव्हापासून घराची मुख्य मिळकत लेखणीचीच होती. पती पुढे वकिलीचा अभ्यास करून बॅरिस्टर झाले, तोवर आणि त्यानंतरही बाईंनी अनेक वर्षे दर साल एक प्रेमकथा आणि एक रहस्यकथा असा रतीब घातला. रहस्यकथांची कथानके बहुतेक वेळा पतीने सुचवलेली असत.

आपण बँकेत आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम नमूद करते. उत्पन्न भरपूर असूनही प्राप्तिकराच्या मागण्यांनी त्यांना वारंवार जेरीस आणले. त्यांना स्वतःला मनापासून लिहायचे होते ते मध्ययुगावर, इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याचा भाऊ जॉन याच्या जीवनावर. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे जमवली. पण कर भरायचा असला की झटपट खपणारी रीजन्सी कादंबरी लिहावी लागे आणि वाचकही तीच मागत. जॉनचे काम दर वेळी बाजूला पडले आणि अखेर अपुरेच राहिले. ‘माय लॉर्ड जॉन’ हा त्याचा झालेला भाग १९७५ मध्ये त्यांच्या पश्चात निघाला. वाचकांच्या प्रेमाने लेखकाला जगवले, पण लेखक ज्या पुस्तकासाठी जगत होता तेवढे मात्र होऊ दिले नाही. हे मला फार बोचते, आणि त्या मागणाऱ्या वाचकांत मीही होते.

‘मिल्स अँड बूनच्या प्रेमकथा आणि हेयर यांत फरक काय? आमच्या वाचनालयात दोन्ही एकाच कपाटात असत.’ — एक गृहिणी, डोंबिवली

वाचनालयवाल्यांचे अगदीच चुकले नव्हते. १९२३ मध्ये हेयर यांची एक कादंबरी मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेनेच, स्टेला मार्टिन या टोपणनावाने, प्रसिद्ध केली होती. पुढे १९३० मध्ये शेवटचे प्रकरण गाळून ती ‘पावडर अँड पॅच’ या नावाने लेखिकेच्या खऱ्या नावावर आली. फरक सांगायचा तर एवढाच, की मालिकेतली पुस्तके प्रकाशकाच्या नावाने ओळखली जातात आणि हेयर यांची त्यांच्या स्वतःच्या. त्यांच्या कथांत चुंबन असलेच तर बहुधा शेवटच्या पानावर असते आणि त्याआधीची तीनशे पाने माणसे एकमेकांशी बोलत असतात.

‘आपण शिफारस केली म्हणून “अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट” वाचले आणि फार निराश झाले. नायिका बुटकी, जाडसर, सामान्य रूपाची. नायकाचे प्रेम दुसरीवर. तो पैशासाठी लग्न करतो आणि शेवटपर्यंत नायिकेवर “तसे” प्रेम करतच नाही. याला प्रेमकथा कसे म्हणायचे?’ — एक शिक्षिका, कोल्हापूर

तुमच्यासारखी निराशा १९६१ मध्ये हे पुस्तक निघाले तेव्हापासून कित्येक वाचकांची झाली आहे. हेयर यांच्या चाहत्यांत या एका पुस्तकावरून आजही दोन तट आहेत. मी दुसऱ्या तटात आहे आणि का आहे, ते सविस्तर सांगते.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात असे. ॲडम हा तरुण लष्करी अधिकारी वडिलांच्या निधनानंतर युद्धावरून घरी येतो, तो डोक्यावर डोंगराएवढे कर्ज आणि लग्नाच्या बहिणी घेऊन. वडिलोपार्जित वाडा विकायची वेळ येते. त्याचे प्रेम असलेली ज्युलिया अतिशय सुंदर आहे, पण तिचे वडील कर्जबाजारी माणसाला मुलगी देणार नाहीत. तेव्हा मध्यस्थाच्या मार्फत चॉली नावाचा गडगंज व्यापारी आपली एकुलती मुलगी जेनी हिचे स्थळ पुढे करतो. त्याला मुलीसाठी किताब हवा आहे, ॲडमला पैसा. सौदा ठरतो. जेनीला ज्युलियाची सगळी हकीकत माहीत आहे, कारण दोघी शाळेतल्या मैत्रिणी. ॲडमवर तिचे आधीपासून प्रेम आहे, पण ते ती बोलून दाखवत नाही.

इंग्रज वाचकाला या कथानकात काहीतरी वेगळे दिसत असेल. आपल्याला यातले प्रत्येक माणूस ओळखीचे आहे. मुलीचा बाप जावयाच्या घरी भारी वस्तू पाठवत राहतो आणि जावई त्या ओझ्याने मनातल्या मनात चिडत राहतो, ही गोष्ट आपण आपल्या नात्यागोत्यात पाहिलेली आहे. सासऱ्याचे मन निर्मळ आहे. त्याला देण्यावाचून दुसरी माया करताच येत नाही. ॲडमला हे कळायला पुस्तकाचा बराच भाग लागतो. मला विचाराल तर चॉली आणि ॲडम यांचे हळूहळू जुळत गेलेले नाते हीसुद्धा या पुस्तकातली एक प्रेमकथाच आहे.

आता जेनी. ती काय करते, याची नोंद लेखिकेने किती बारकाईने ठेवली आहे, ते पुन्हा एकदा पाहा. नवऱ्याला काय खायला आवडते, कोणत्या वेळी बोललेले चालते, पायाची जुनी जखम कधी ठणकते, शेतीतल्या कोणत्या नव्या प्रयोगाविषयी तो उत्साहाने बोलतो, हे ती शिकत जाते. स्वतःला न कळणाऱ्या पेरणीच्या आणि खताच्या गोष्टी ती लक्ष देऊन ऐकते. तिचा हा सगळा खटाटोप त्याच्या नजरेतही येत नाही, कारण गैरसोय झाल्याशिवाय सोय दिसत नाही. मग एक प्रसंग येतो. १८१५चा जून महिना आहे, नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई चालू आहे आणि लंडनमध्ये पराभवाच्या अफवा उठल्या आहेत. घाबरलेला सासरा सरकारी रोखे ताबडतोब विकायला सांगतो. ॲडम वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला आहे. त्याचा आपल्या सेनापतीवर विश्वास आहे. तो सगळे पणाला लावून उलट खरेदी करतो आणि विजयाची बातमी येताच स्वतःच्या हिमतीवर श्रीमंत होतो. आता तो सासऱ्याचा मिंधा उरलेला नाही. मनात आणले तर तो जेनीकडे परक्यासारखे पाहू शकतो. पण ही बातमी आधी कोणाला सांगावी असे त्याला वाटते, तर जेनीला.

तुम्ही म्हणता तसे ‘ते’ प्रेम शेवटीही येत नाही, हे खरे. जेनीलाही ते कळते, आणि क्षणभर तिला त्याचे दुःख होते. लेखिकेने ते लपवलेले नाही आणि शेवटच्या पानावर चमत्कार घडवून ज्युलियाला नायकाच्या मनातून पुसूनही टाकलेले नाही. उत्कट क्षण थोडे असतात आणि आयुष्य भरते ते रोजच्या साध्या गोष्टींनी, असा विचार जेनी करते आणि तिथे पुस्तक थांबते. प्रेमात पडण्याच्या गोष्टी लिहून नाव कमावलेल्या लेखिकेने वयाच्या अठ्ठावन्नाव्या-एकोणसाठाव्या वर्षी, आपल्याच वाचकांची नाराजी ओढवेल हे दिसत असताना, हे पुस्तक लिहिले, याबद्दल मला त्यांच्याविषयी अतोनात आदर वाटतो. तुम्हाला काही वर्षांनी ते पुन्हा वाचावेसे वाटले तर जरूर वाचा. मी ते प्रथम पंचविसाव्या वर्षी वाचले तेव्हा मलाही आवडले नव्हते.

‘आमचे कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू आहे; मराठी आमची मातृभाषा. “द ग्रँड सोफी” मी हसत हसत वाचत होते, पण सावकाराच्या प्रकरणाशी आले आणि पुस्तक मिटून ठेवले. आपल्या लेखात याचा उल्लेखही नव्हता.’ — एक वाचक, ठाणे

उल्लेख नव्हता, ही माझी चूक झाली. आपली क्षमा मागते.

ज्यांनी ते पुस्तक वाचलेले नाही त्यांना सांगायला हवे, की धडाडीची नायिका सोफी आपल्या आतेभावाला कर्जातून सोडवण्यासाठी एका सावकाराकडे एकटीच जाते. तो सावकार ज्यू आहे आणि त्याचे रूप, कपडे, बोलणे, हाव हे सारे ज्यूंविषयीच्या जुन्या द्वेषातून जसेच्या तसे उचललेले आहे. पुस्तक १९५० चे आहे. छळछावण्यांची छायाचित्रे जगाने पाहून तेव्हा पाचच वर्षे झाली होती, त्यामुळे ‘तो काळच तसा होता’ ही सबब मी पुढे करणार नाही. शब्दागणिक काळजी घेणाऱ्या लेखिकेने येथे आयत्या साच्यातला माणूस उभा केला, हा कलेचाही दोष आहे आणि माणुसकीचाही. अलीकडे एका अमेरिकन आवृत्तीत हे उल्लेख बदलण्यात आले. मला स्वतःला मजकूर बदलण्यापेक्षा वाचकाला आधी सावध केलेले बरे वाटते. पण ज्याला तो मजकूर बोचतो त्याचे मत या बाबतीत माझ्या मतापेक्षा वजनदार आहे. ज्या वाचकांना मी हे पुस्तक यापूर्वी सुचवले होते, त्यांनी हे उत्तर त्या शिफारशीला जोडून वाचावे.

‘वाचकांच्या पत्रांना त्या उत्तरे देत असत का?’ — महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव

नुसत्या कौतुकाच्या पत्रांचा त्यांना कंटाळा येई. इतिहासाविषयी नेमका प्रश्न विचारणाऱ्याला मात्र त्या उत्तर देत. त्यांच्या वह्यांत पोशाख, टोप्या, रंग, दुकाने, घरखर्च, भाव अशा विषयांप्रमाणे टिपणे असत. कोणत्या वर्षी मेणबत्त्या काय भावाने मिळत, हेसुद्धा त्यांत सापडे. वॉटर्लूवरच्या ‘ॲन इन्फेमस आर्मी’ (१९३७) या कादंबरीत वेलिंग्टनच्या तोंडी घातलेला प्रत्येक शब्द त्याने खरोखर उच्चारलेला किंवा लिहिलेला आहे, असे त्या सांगत. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात त्या लढाईच्या अभ्यासासाठी हे पुस्तक वापरले गेले.

एका वाचकाच्या पत्राने तर त्यांचे मोठेच काम केले. १९५० मध्ये त्या वाचकाने कळवले, की दुसऱ्या एका लोकप्रिय लेखिकेच्या पुस्तकांत तुमची पात्रे, नावे आणि प्रसंग दिसत आहेत. हेयर यांनी ती पुस्तके मागवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. चोरीपेक्षाही त्यांना अधिक संताप आला तो उचललेले जुने शब्द चुकीच्या अर्थाने वापरले होते याचा. प्रकरण न्यायालयात गेले नाही. वकिलाचे पत्र गेले आणि नक्कल थांबली.

‘आईला डोळ्यांनी दिसेनासे झाले आहे. तिला इंग्रजी येत नाही. तुमचा लेख वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, “यातली एखादी गोष्ट मला सांग.” कोणती सांगू? मला भाषांतर जमणार नाही.’ — एक वाचक, नाशिक

‘फ्रायडेज चाइल्ड’ सांगा. ही कादंबरी १९४४ ची आहे आणि तिच्याविषयी हेयर यांना आलेले एक पत्र त्यांनी जन्मभर जपून ठेवले होते. ते एका रुमानियन स्त्रीचे होते. ती बारा वर्षे राजकीय कैदी होती. कोठडीत पुस्तक नव्हते. तिने ही गोष्ट आठवेल तशी सोबतच्या कैदी बायकांना पुन्हा पुन्हा सांगितली आणि तिच्या आधाराने सगळ्यांनी आपले मन ताळ्यावर ठेवले, असे तिने कळवले होते. त्यामुळे भाषांतराची चिंता करू नका. या गोष्टीला तोंडी सांगण्याची सवय आहे.

सुरुवात अशी करा : शेरी नावाचा श्रीमंत, उतावळा तरुण एका सुंदरीला मागणी घालतो, ती नकार देते, आणि रागाच्या भरात तो शपथ घेतो, की आता पहिली जी मुलगी दिसेल तिच्याशी लग्न करीन. वाटेत एका कुंपणाच्या भिंतीवर हीरो नावाची अनाथ मुलगी बसलेली असते. लहानपणापासून ती त्याच्या मागे मागे फिरलेली. इथे थोडे थांबा. आईच पुढचे ओळखेल. मग लंडनमधल्या घोटाळ्यांपैकी आठवतील तेवढे सांगा, सगळे नाही सांगितले तरी चालेल. शेरीच्या तीन मित्रांना मात्र गाळू नका. त्यांतला फर्डी हा डोक्याने मंद पण मनाने सोन्यासारखा. मागून हळूच येऊन माणसाला गाठणारा कोणी एक ग्रीक गृहस्थ असतो, एवढे त्याला शाळेत शिकलेले आठवते, नाव काही केल्या आठवत नाही, आणि तो गृहस्थ आपल्या पाठीवर आहे या भीतीने तो उगाच मागे वळून पाहत राहतो. ग्रीकांच्या त्या दैवाचे नाव नेमेसिस. तुमच्या आईला ‘कर्म’ म्हणून सांगितलेत तर त्या लगेच हसतील.